दुसरा तुकडा

त्या दिवशी दुपारी बाबांनी तिला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा तिनं पुस्तकातून मान वर न काढता नुसतं "हं" म्हटलं.

"हं काय हं? ठमे, फोन काढ. सकाळचं लग्न पाठवलंय. दिसतंय का बघ."

"बाबा, कोणाकोणाची लग्नं बघू मी? फोन भरून गेलाय माझा."

"बघू नकोस. नुसतं लागतंय का ते सांग."

"रात्री बघते."

रात्री ती कधीच बघत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी बाबा विचारायचं सोडत नसत आणि ती 'रात्री' म्हणायचं सोडत नसे. ग्रंथालयातल्या नोकरीतून जेवणाच्या सुट्टीत ती बाबांकडे येई. दोन घास खाऊन, चार पानं वाचून परत जाई.

बाबांनी हयातभर लोकांच्या समारंभांचं शूटिंग केलं होतं. आता घराच्या पुढच्या खोलीत ते लोकांच्या माळ्यांवरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी फोनवर बघता येतील अशा करून देत. जुन्या प्लेअरची वायर एका छोट्या पेटीला जोडलेली. कॅसेट जितका वेळ चाले तितकाच वेळ पेटी रेकॉर्डिंग करी. त्यात घाई चालत नसे. ठरावीक लांबीचा एक तुकडा पुरा झाला की पेटी तो आपणहून लेकीच्या फोनवर धाडी. ही सोय बाबांचीच. लेकीच्या फोनची काच तडकलेली, बॅटरी म्हातारी. "तुझ्या डबड्यावर लागलं तर कुठंही लागेल," असं ते म्हणत. तुकड्यामागोमाग त्यांच्या आवाजातला निरोप येई: दिसतंय का गं?

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट. कॉलनीत त्यांना सगळे मावशी म्हणत.

"बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलंय. तिच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट आहे ही. त्याच रात्री माझी बहीण जिन्यावरून पडून गेली. पोरीनं आई फोटोत पाहिलीय, चालताबोलताना कधीच नाही."

बाबांनी कॅसेट उजेडात धरली आणि तिच्या खिडकीवर बोट ठेवलं. "हे बघ ठमे. सगळी फीत डाव्या चाकावर. पूर्ण मागे फिरवून ठेवलीय. अशी घरं राहिली नाहीत आता."

"मावशी, या एका गुणावर बाबा माणसाला स्वर्गात पाठवतात," ती म्हणाली.

"आणि न फिरवणाऱ्याला नरकात," बाबांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'मागे फिरवल्याशिवाय कॅसेट परत देत नाही.' "जेवलो की लावतो हिला. आणि शेवटपर्यंत चालवतो हं, बाई. समारंभ संपतो तरी माणसं कॅमेरा बंद करायला विसरतात. तिथंच कधीकधी खरी मजा सापडते."

"जाता जाता मेव्हण्यांना सांगते. आपले दातांचे डॉक्टर हो. त्यांनाही बरं वाटेल."

मावशी गेल्या. ती पुस्तक मिटून उठली.

"रात्री बघ हं," बाबा म्हणाले.

"येते," ती म्हणाली.

दिवेलागणीला चुलतभावाचा फोन आला. मोठा धिप्पाड, पण लहानपणी चेंडूसारखा गोल होता म्हणून नाव पडलं ढब्बू. फोनवर तो नुसता ओरडत होता.

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. शंभर कॅसेटींच्या फिती ओढून बाहेर काढलेल्या, पंख्याला, खुर्चीला, बाबांच्या पायांना गुंडाळलेल्या. रक्तात भिजून त्या फरशीला चिकटल्या होत्या. प्लेअरचे दोन तुकडे झाले होते. पेटीतलं मेमरी कार्ड नव्हतं. बाबांचा फोन टाचेखाली चिरडलेला. कॅमेऱ्याच्या तिपाईचा लोखंडी पाय वाकला होता, आणि तो कशावर आपटून वाकला हे विचारायची गरज नव्हती. कुणीतरी बाबांच्या तोंडावर चादर टाकली होती. तिनं ती उचलली. उचलायला नको होती.

ढब्बूचा शर्ट रक्तानं माखला होता. "मी उचलायला गेलो गं ताई," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सकाळीच त्यानं काकांशी कडाक्याचं भांडण केलं होतं, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. त्याला ती खोली व्यायामशाळेसाठी हवी होती. रागाच्या भरात पूर्वी त्यानं एक दार फोडलं होतं. फौजदारांनी त्याला तिथूनच उचललं.

तिच्याही मनात एकदा येऊन गेलंच: ढब्बूनं केलं असेल? त्या विचाराची तिला बाबांच्या चेहऱ्याहून जास्त भीती वाटली. बाबा गेले होते. आता उरलेलं एकुलतं माणूस खुनी आहे की नाही, हे तिला कळायलाच हवं होतं.

म्हणून ती विमाबाईंकडे गेली.

जळालेल्या गोदामांचे आणि बुडालेल्या गाड्यांचे विम्याचे दावे तपासण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता त्या खाजगी तपास करत. सोबत असे पैलवान. कधीकाळी कुस्त्या मारलेला, आता बाईंची स्कूटर चालवणारा. डोक्यानं सावकाश, हातानं जड.

खोली पाहून पैलवान म्हणाला, "बाई, हे रागाचं काम. पुतण्याच. दुसरं कोण एवढा उच्छाद मांडील?"

"म्हणूनच मांडलाय," विमाबाई म्हणाल्या. "एक पान लपवायचं तर माणूस अख्खं झाड उपटतो. ताई, या कॅसेटी कुणाकुणाच्या, ओळखता येतील?"

तिनं एकेक डबी उचलून लावली. बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गॅरेजवाल्याचं लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, पोस्टमास्तरांची सहल. सगळ्या होत्या. एक नव्हती.

"मावशींनी आणलेली वाढदिवसाची," ती म्हणाली. "पण ती डॉक्टर दुपारीच घेऊन गेले म्हणे. फौजदारांना त्यांनी आपणहून सांगितलं."

"असं? आणि त्या दुपारी तुमच्या फोनवर काही आलं?"

"दोन तुकडे. पहिल्यामागोमाग बाबांचा निरोप आला. दुसऱ्यानंतर काहीच नाही."

"दुसरा कधी आला?"

"शाळा सुटली होती. ग्रंथालयात पोरांचा गोंधळ चालू होता, तेव्हा फोन थरथरला."

"उघडून पाहिलेत?"

तिनं मान हलवली. "माझ्यानं होत नाही."

"एवढंच ना? द्या इकडे, मी बघतो," पैलवान पुढं सरसावला.

"पैलवान, हात मागे." विमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "नका उघडू. पण पुसूही नका."

कोठडीत ढब्बूचा एक डोळा सुजून बंद झाला होता. ओठ फाटला होता. "कबूल कर म्हणतात," तो म्हणाला. "ताई, मी काकांवर ओरडलो. पण काकांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय गं. त्यांना मी हात लावीन?"

तिनं गजांतून त्याचा हात धरला. विश्वास बसला असं नाही. पण हात सोडवेना.

"दिवसभर होतास कुठं?" विमाबाईंनी विचारलं.

"तालमीची यंत्रं बघायला दुसऱ्या गावी. एकटाच. कोण साक्ष देणार?"

दुसरा संशयित गॅरेजवाला. बाबांनी आपली लग्नाची कॅसेट बिघडवली म्हणून त्यानं आठवड्यापूर्वी भर रस्त्यात त्यांच्या कानाखाली मारली होती. तो एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. हातात पाना आणि अर्धा चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला.

"मारली! मारली एक. नंतर पाया पडलो त्यांच्या. त्यांनी फीत सांधली, आई दिसायला लागली माझी. आता सगळंच फाडलं कुणीतरी. सापडला तर हा पाना त्याच्या टाळूत घालीन."

"तोंडाला काय झालं?" पैलवाननं विचारलं.

"त्याच दुपारी दाढ काढली. काढली कसली, उपटली! डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, 'आलोच' म्हणून बाहेर गेला. मी आपला आ वासून बसलोय. गाल बधिर झाला, बधिरपणा उतरला, तरी याचा पत्ता नाही. आला तो घामाघूम, धापा टाकत. मी म्हटलं, डॉक्टर, सुई उतरली हो. ऐकतोय कोण? पकड घातली न् ओढली. ब्रह्मांड आठवलं! बाहेर गेला तेव्हा अंगात पांढरा डगला होता, आला तो हिरव्यात. म्हटलं, कसाई बदलून आला की काय!"

पैलवान खो खो हसला. विमाबाई हसल्या नाहीत.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना बाबांच्या घरामागच्याच गल्लीत होता. उंच, रुबाबदार माणूस. हात स्वच्छ धुऊन, बोटं एकेक पुसत ते बाहेर आले.

"फार वाईट झालं, ताई. मीच शेवटचा भेटलो बहुतेक. मेव्हणीनं सांगितलं म्हणून जेवण झाल्याझाल्या गेलो. तुमच्या वडिलांनी कॅसेट लावून बघितली. म्हणाले, बुरशी लागलीय, चित्रच येत नाही. तशीच परत दिली. हातात दिली माझ्या. घेऊन आलो."

"लगेच दिली?" विमाबाईंनी विचारलं.

"लगेच. दोन मिनिटं लागली असतील."

"आणि नंतर?"

"नंतर संध्याकाळपर्यंत दवाखाना. हलायला फुरसत नाही हो."

"कॅसेट पाहता येईल?"

डॉक्टरांचा पुसणारा हात थांबला. "मेव्हणीकडे आहे. माझ्या टेबलावर दिसली, उचलून घेऊन गेली. बहिणीची आठवण म्हणून. मी म्हणतोय, मोठ्या शहरात दुरुस्त करून आणतो, तर देत नाही."

मावशींनी कॅसेट कपाटातून काढली. तोच रुमाल. "तीनदा मागितली मेव्हण्यांनी," त्या म्हणाल्या. "एकदा तर हातातून ओढायला आले. एवढा जीव बायकोवर होता, हे मला तरी आताच कळतंय."

"तुम्ही घरी लावून पाहिलीत?"

"कशावर लावू? ती यंत्रं आता कुणाकडे आहेत? एक होतं ते यांच्या बाबांकडे."

विमाबाईंनी कॅसेट उजेडात धरली. मग ती तिच्यापुढं केली. "ताई, बघा."

तिनं कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. पण विमाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीत सगळे जमले. फरशी धुतली होती, तरी सांध्यांमधला तांबूसपणा गेला नव्हता. फौजदार खिडकीशी. ढब्बू बेड्यांसकट कोपऱ्यात. गॅरेजवाला गाल धरून. मावशी आणि डॉक्टर खुर्च्यांवर. दारात पैलवान.

"लवकर आटपा," फौजदार म्हणाले. "आमचा माणूस आमच्याकडे आहे."

"तुमच्याकडे रक्तानं भिजलेला शर्ट आहे," विमाबाई म्हणाल्या. "ज्यानं मारलं त्यानं कपडे बदलले. ढब्बूनं गल्ली गोळा होईपर्यंत तोच शर्ट अंगात ठेवला. पण ते राहू द्या. मला आधी सांगा, इथं येऊन कुणाला काय हवं होतं? पैसे नेले नाहीत. नेलं ते पेटीतलं कार्ड आणि एक कॅसेट. बाकीच्या फाडल्या, त्या कुठली नेली ते कळू नये म्हणून."

"ती मी आधीच नेली होती," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"हो. लावली, दोन मिनिटांत बुरशी दिसली, परत दिली. असंच ना?" त्यांनी कॅसेट सर्वांपुढं धरली. "मग हिची फीत कुठं असायला हवी? डाव्या चाकावर. ही पाहा. जवळजवळ सगळी उजव्या चाकावर. ही कॅसेट जवळपास शेवटपर्यंत चालली आहे."

"आधीपासून तशीच असेल."

"नव्हती," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "बाबांनी माझ्यासमोर बघितली होती. सगळी फीत डावीकडे होती. कौतुक केलं त्यांनी."

"माझ्याही समोर," मावशी हळूच म्हणाल्या.

"आणि चालल्यावर त्यांनी ती मागे न फिरवता दिली असती?" विमाबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "वरच्या फळीवर फाडायची राहून गेलेली प्रत्येक डबी तपासली मी. तयार झालेल्या कामाची एकही कॅसेट पुढं राहिलेली नाही. ही त्यांनी कुणाच्या हातात दिलेली नाही. चालत्या प्लेअरमधून कुणीतरी ओढून काढली. नंतर फिरवावी असं ध्यानात आलं असतं, तरी फिरवणार कशावर? गावातला शेवटचा प्लेअर त्यानं स्वतःच फोडला होता."



"गॅरेजवाले, तुमची सुई उतरेपर्यंत डॉक्टर कुठं होते?"

गॅरेजवाल्याचा हात गालावरून खाली आला. "हिरवा डगला..." तो पुटपुटला.

"घरी गेलो होतो," डॉक्टर म्हणाले. "तब्येत बरी नव्हती. एवढ्यावरून खून ठरतो? एका दातदुख्या माणसाच्या बडबडीवरून?"

"नाही. म्हणून एक गोष्ट शेवटी ठेवली." विमाबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "ताई, तुमच्या बाबांची पेटी प्रत्येक तुकडा तुमच्या फोनवर पाठवत होती. शाळा सुटल्यावर दुसरा तुकडा आला. डॉक्टर खरं बोलत असतील, तर त्यात दुसऱ्याच कुणाचं लग्न असेल. खोटं बोलत असतील तर वाढदिवस. तुमच्याशिवाय हे कुणी करू नये असं मला वाटतं. उघडाल?"

तिनं फोन काढला. कोपऱ्यातून ढब्बू एकटक बघत होता, एकाच डोळ्यानं. तिनं दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

तडकलेल्या काचेखाली रंगीत फुगे होते.

मावशींनी तोंडावर पदर घेतला. पाहुणे निरोप घेत होते. मग खोली रिकामी झाली. कॅमेरा कुणीतरी टेबलावर तसाच ठेवला होता, चालू. फुगे हलत होते. बराच वेळ काहीच नाही. मग एक तरुण, उंच माणूस बाईला केसांना धरून ओढत आणताना दिसला. त्यानं तिचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. ती हलायची थांबली, तरी आपटलं. मग त्यानं तिला उचललं, जिन्याच्या वरच्या पायरीवर नेलं आणि—

तुकडा तिथं संपला.

"पडली म्हणालात," मावशी उठल्या. "पडली म्हणालात तुम्ही! मी तुमच्या पोरीला वाढवली!"

डॉक्टर एका झेपेत फोन हातात असलेल्या तिच्यावर आले. फोन हिसकला, भिंतीवर फेकला, आणि त्यांची धुतलेली, स्वच्छ बोटं तिच्या गळ्याभोवती आवळली. तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला. "मेव्हणी म्हणाली, कॅसेट शेवटपर्यंत चालवणार आहेत. राहवेना म्हणून गेलो, तर म्हातारा म्हणाला, पोरीला कळू दे तिची आई कशी गेली!" ते किंचाळत होते. "हात जोडले मी! म्हणाला, कॅसेट मिळणार नाही! त्याचीच तिपाई, याच खोलीत—"

डोक्यानं सावकाश असलेला पैलवान या वेळी सावकाश नव्हता. त्यानं डॉक्टरांची मनगटं मागून धरून पिरगळली; सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. बेड्यांसकट ढब्बू मधे पडला आणि दोघांच्या वजनाखाली डॉक्टर फरशीवर तोंडावर आपटले. त्यांचे पुढचे दात फुटून रक्त सांध्यांमधून वाहू लागलं. गॅरेजवाला वाकून म्हणाला, "सुई देऊ का, डॉक्टर?"



डॉक्टरांना नेलं. फौजदारांनी ढब्बूच्या बेड्या काढल्या. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, तुला वाटलं होतं ना, मीच?"

"एकदा," ती म्हणाली.

"मला पण वाटलं असतं." त्यानं नाक पुसलं. "पाणी आणतो."

पैलवाननं भिंतीखालून फोन उचलून आणला. काचेवर आणखी दोन तडे गेले होते. "चालू आहे बघा," तो नवलानं म्हणाला. "डबडं चिवट आहे."

विमाबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं आणि दाराबाहेर नेलं. मावशी मात्र उंबऱ्यावर बसून राहिल्या होत्या. "पोरीला आता काय दाखवू मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

ती बाबांच्या खुर्चीत बसली. पहिला तुकडा अजून तसाच होता. त्याखाली बाबांचा निरोप. तिनं आधी तो लावला.

"ठमे, पहिला तुकडा आलाय बघ. काय गोड बाई आहे गं. दिसतंय का?"

मागे प्लेअरची बारीक घरघर होती, आणि एका तान्ह्या पोरीचं हसू. बाबा थोडे थांबले होते. उत्तराची वाट बघत असल्यासारखे. मग निरोप संपला.

तिनं तुकडा उघडला. तड्यांच्या जाळीमागं एक तरुण बाई वाढदिवसाच्या टोपीत लेकीला उंच उचलून धरत होती. पोरगी टोपी ओढत होती, आई खळखळून हसत होती, काहीतरी बोलत होती. चित्र स्वच्छ होतं. कुठं बुरशी नाही, कुठं ओरखडा नाही.

"मावशी," तिनं हाक मारली, "इकडे या. हा तुकडा द्यायचा तिला."

मावशी आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या आणि तशाच राहिल्या.

समोरच्या भिंतीवर पाटी होती, खाली रिकामं टेबल. तिथं बघत ती मोठ्यानं म्हणाली, बाहेर ढब्बूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

"दिसतंय, बाबा. छान दिसतंय."